ओव्याच्या पुडीने पिलू जगेल काय?



गेल्या महिन्यात आमच्या एका गट ऑफिसात एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. हातात चकचकीत पत्रक, पिशवीत रंगीत पुड्या. पुडीवर हिरव्या पानाचे चित्र आणि खाली 'शंभर टक्के वनस्पतिजन्य'. माल कशासाठी, तर दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांची आतडी मजबूत राहावीत, हगवण लागू नये, वजन लौकर चढावे म्हणून. वासराला चालेल काय? चालेल. करडाला? तेही चालेल. कोंबडीला? कोंबडीला तर उत्तमच! गृहस्थांची सूचना अशी की, कारखान्याने माल एकदम उचलावा, सभासदांना उधारीवर वाटावा व रक्कम ऊसबिलातून कापून घ्यावी. म्हणजे कंपनीचे पैसे पहिल्या दिवशी सुटले, जोखीम सभासदाच्या गळ्यात आणि वसुलीचे काम आपल्या अकौंट खात्याला.

'कपात' हा शब्द ऐकला की सभासदाच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही नव्याने सांगावयास नको. सोसायटीची कपात, पाणीपट्टीची कपात, बियाण्याची, खताची आणि वर कसल्या कसल्या निधीची. त्यात आणखी एक भर घालण्यापूर्वी त्या पुडीत काय आहे आणि ते काय करू शकते, हे सभासदांसमोर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

साखर कारखान्याच्या अंकात डुकरांचा विषय पाहून काही मंडळी नाके मुरडतील. मुरडोत बापडी. आपल्या कार्यक्षेत्रात दहा-वीस गुंठ्यांवर आलेल्या घरांतली शिकलेली पोरं आता लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची जनावरे आणून गोठा बांधू लागली आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, त्याचे कागद घेऊन ती बँकेत फेऱ्या घालतात. दोन एकर उसावर चार भावांचे भागत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळले. आणि हेही लिहून ठेवू की, वडार व कैकाडी समाजातील कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या हे जनावर सांभाळले. आपण त्यांना गावकुसाबाहेर ठेवले, पण त्यांना ठाऊक असलेले दोन शब्द कधी विचारून घेतले नाहीत. आज तेच ज्ञान पत्रकातून विकत घ्यावयाची वेळ आली आहे.

असो. मुद्द्याकडे येऊ.

डुकराचे पिलू मोकळ्यावर असेल तर आईचे दूध हळूहळू, तीन-चार महिन्यांत तोडते. दूध कमी होत जाते, मातीत नाक खुपसून इकडचे तिकडचे खाणे वाढत जाते आणि पोट त्याला सरावते. धंद्यात मात्र एवढा दम कोणाला? युरोपात साधारण चार आठवड्यांत, आपल्याकडे सहा ते आठ आठवड्यांत आणि घाईवाल्यांकडे त्याहूनही आधी पिलू आईपासून उचलले जाते. त्या एका दिवसात त्याच्यावर किती संकटे कोसळतात पाहा. आई गेली, जागा बदलली, शेजारी अनोळखी पिले आली, मारामाऱ्या सुरू झाल्या, आणि ऊन ऊन दुधाच्या जागी कोरडा भरडा समोर आला. काही पिले दोन दोन दिवस त्याला तोंडच लावीत नाहीत. मग भूक अनावर झाली की एकदम तुटून पडतात.

या दोन-तीन दिवसांच्या उपासाने आतड्यात काय होते ते समजून घ्यावे, कारण सगळी मेख इथेच आहे. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखी बारीक लव असते; अन्नरस शोषण्याचे काम ती करते. पोटात काही आले नाही की ही लव झडल्यासारखी आखूड होते. दुधातल्या साखरेपासून जठरात जे आंबट तयार होत असे, त्याने जंतू आटोक्यात राहात. दूध बंद झाले की जठरातला आंबटपणा उतरतो. दुधातून मिळणारे रोगप्रतिकारक द्रव्यही त्याच दिवशी बंद होते आणि पिलाची स्वतःची ताकद अजून उभी राहिलेली नसते. आईची शिदोरी संपली, स्वतःची कमाई सुरू झाली नाही, असा तो मधला काळ. त्यातच आपण ताकदीचे म्हणून सोयापेंड भरपूर घातलेला खुराक देतो. न पचलेले प्रथिन खालच्या आतड्यात जाऊन सडते, तिथे इ. कोलाय जंतूंना मेजवानी मिळते, काही जातीचे जंतू आतड्याला चिकटून विष सोडतात आणि शरीरातले पाणी हगवणीवाटे वाहून जाते. सकाळी शेपटी मागे पिवळे पातळ दिसले, दुपारी डोळे खोल गेले, रात्री पिलू गेले. ज्याने उंबऱ्याशी बसून हे पाहिले आहे त्याला आम्ही काय अधिक सांगणार?

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते औषध देतो. त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो रोग नसताना रोजच्या खुराकात औषध घालण्याच्या चालीचा, आणि या चालीला मोठा इतिहास आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे दिसून आले की, खाद्यात थोडे थोडे ॲन्टीबायोटिक घातले तर कोंबडी-डुकरे लौकर वाढतात. झाले! जगभर खाद्याच्या पोत्यात ॲन्टीबायोटिक जाऊ लागले. थोड्या मात्रेने जंतू मरत नाही, तो शहाणा होतो. तणनाशक अर्धवट मारले तर तण कसे निबर होते, ते आपण उसाच्या सरीत पाहतोच.

या चालीवर सर्वांत आधी पूर्ण बंदी आणली ती स्वीडनने. १९८६ साली त्या देशाने वाढीसाठी खाद्यात ॲन्टीबायोटिक घालणे बंद केले, आणि नवलाची गोष्ट अशी की, मागणी तिथल्या शेतकऱ्यांच्या संघटनेचीच होती. सुरुवातीला त्यांचे हाल झाले. दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली, मरतूक वाढली, पिले उशिरा बाजाराला आली. पण त्यांनी माघार घेतली नाही. दूध तोडण्याचे वय वाढविले, खुराकातले प्रथिन कमी केले, खाली भरपूर पेंढा घातला, आणि एक खोली पुरती रिकामी करून धुऊन वाळवल्याशिवाय दुसरी पिलावळ आत घेणे सोडले.

मग डेन्मार्क. या देशाचे नाव सहकारात काम करणाऱ्याने आदराने घ्यावे. आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी हॉर्सेन्स गावी डुकरांचा पहिला सहकारी कत्तलखाना १८८७ साली काढला. जर्मनीने त्यांच्या जिवंत डुकरांना दार लावून घेतले, तेव्हा त्यांनी मांस खारवून इंग्लंडला पाठविले. ज्याची पन्नास जनावरे त्याला एक मत आणि ज्याची दोन त्यालाही एकच मत. गुरांची डोकी नव्हे, माणसांची डोकी मोजायची, ही त्यांची रीत. आपल्या पोटनियमातही तेच आहे, फक्त निवडणुकीच्या हंगामात आपण ते विसरतो.

तर या डेन्मार्कात १९९५ साली ॲव्होपार्सिन नावाचे औषध खाद्यातून बंद झाले, कारण माणसाच्या अखेरच्या उपायाचे व्हॅन्कोमायसिन त्याचेच भावंड. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही दाद देत नाही. १९९९ संपेपर्यंत दूध तोडलेल्या पिलांच्या खाद्यातूनही वाढीची ॲन्टीबायोटिके गेली. सबंध युरोपात बंदी आली ती १ जानेवारी २००६ पासून. पण हगवण काही कायदा वाचत नाही! डेन्मार्कात लहान पिलांवर उपचारासाठी वापरायची औषधे आधी वाढली. आणि त्याच सुमारास दुसरा एक उपाय घरोघर गेला, तो म्हणजे झिंक ऑक्साईड, जस्ताची पांढरी भुकटी. पिलाला टनभर खाद्यात साधारण १०० ग्रॅम जस्त पुरते; हगवण रोखण्यासाठी दूध तोडल्यावरचे चौदा दिवस टनाला २,५०० ग्रॅम, म्हणजे पंचवीसपट घालीत. गुण येई, यात शंका नाही. पण ते सारे अंगी थोडेच लागते? बहुतेक शेणातून रानात. आपण उसाला झिंक सल्फेट मापून घालतो, कारण आपल्या जमिनीत त्याची कमतरता असते; तिकडच्या जमिनीत वर्षानुवर्षे साचतच गेले. शिवाय जस्ताच्या संगतीने औषधाला न जुमानणारे जंतूही फोफावतात असे आढळले. २०१७ साली युरोपने निर्णय घेतला, पाच वर्षांची मुदत दिली, आणि २६ जून २०२२ पासून औषधी मात्रेतले झिंक ऑक्साईड बंद झाले. आता तिथे पिलांच्या खाद्यात एकूण जस्ताची कमाल मर्यादा टनाला १५० ग्रॅम आहे.

ॲन्टीबायोटिक गेले, जस्त गेले. मग जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर आली आपली ही हिरव्या पानाची पुडी.

पुडीत असते काय? ओरेगॅनो व थाईम या तिकडच्या झुडपांचे तेल, लसूण, दालचिनी, लवंग, हळद, मिरचीचा अर्क, बडीशेप, कुठे झाडाच्या सालीतले तुरट द्रव्य. पैकी थाईमच्या तेलातला मुख्य गुण थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि ते द्रव्य आपल्या ओव्यात रगड आहे. आपल्याकडे बाजारात 'ओव्याचे फूल' म्हणून मिळते ते थायमॉलच. म्हणजे आजीने नातवाच्या पोटाला ओवा शेकला, बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपा चघळायला दिला, ते काही खुळचटपणाचे नव्हते. ही अक्कल आपल्या घरातलीच आहे. रंगीत पुडीत परत आली म्हणून तिला सलाम करण्याचे कारण नाही, आणि जुनी आहे म्हणून हसण्याचेही नाही.

या तेलांचा गुण खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. काचेच्या बशीत इ. कोलाय जंतू वाढवून त्यावर थायमॉल किंवा दालचिनीचे तेल घातले तर जंतू मरतात, हे निर्विवाद आहे. पण बशी वेगळी आणि पिलाचे सात-आठ किलोचे पोट वेगळे. बशीत जेवढा जोर लागतो तेवढा जोर खाद्यात आणायचा म्हटले तर खाद्याला असा उग्र वास येतो की, पिलू तोंड फिरविते. आणि आधीच सांगितले की, सारी मेख पिलू खात नाही यातच आहे! दुसरे असे की, ही तेले जठरात व आतड्याच्या सुरुवातीलाच शोषली जातात. जिथे जंतू बसले आहेत तिथवर पोचतच नाहीत. म्हणून चांगल्या मालात तेलाच्या कणाला चरबीचे आवरण देतात. तिसरे, तेल उडते. खाद्याची कांडी करताना वाफ देतात, त्यात काही भाग उडून जातो. पोते उन्हात गोठ्यापाशी पडून राहिले तर उरलेलेही जाते.

आणि चौथी गोष्ट, जी ऊस उत्पादकाला सर्वांत लौकर समजावी. एकच को ८६०३२ वाण, पण आडसालीचा उतारा वेगळा, खोडव्याचा वेगळा. ऑक्टोबरात तोडला तर वेगळा, जानेवारीत वेगळा. माळाचा वेगळा आणि नदीकाठचा वेगळा. ऊस म्हणून आपण टनावर घालतो, पण साखर किती निघणार ते प्रयोगशाळाच सांगते. तसेच या झाडपाल्याचे आहे. कोणत्या जमिनीत वाढला, फुलावर असताना काढला की नंतर, कसा वाळवला, यावर त्यातले सत्त्व ठरते. मग पुडीवर नुसते 'ओवा, लसूण, हळद' लिहिले तर आपण काय समजावे? उतारा सांगितल्याशिवाय आपण उसाचा भाव मानीत नाही. सत्त्व किती टक्के ते छापल्याशिवाय पुडीचा भाव का मानावा? आम्ही त्या गृहस्थांना हाच प्रश्न केला. ते म्हणाले, "साहेब, फॉर्म्युला कंपनीचा सिक्रेट असतो." आम्ही म्हटले, मग पैसेही सिक्रेटच राहू द्या.

जिवंत पिलांवर देशोदेशी जे प्रयोग झाले त्यांचा निकाल एकसारखा नाही. कुठे हगवण कमी झाली व वजन थोडे चढले, कुठे काहीच फरक पडला नाही. स्वच्छ, कोरड्या गोठ्यात, जिथे मुळात हगवण थोडी, तिथे पुडी घातली काय आणि न घातली काय, फारसे निराळे दिसत नाही. गलिच्छ जागी गुण जास्त दिसण्याचा संभव असतो. यावरून काही हुशार विक्रेते असा बोध घेतात की, आपला माल आपल्याकडच्या गोठ्यांसाठीच बनलेला आहे. आम्ही म्हणतो, आधी गोठा झाडा की राव!

पैशाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. दूध तोडल्यापासून चार आठवड्यांत एक पिलू ढोबळमानाने सोळा-अठरा किलो खुराक खाते. म्हणजे एका टनात पन्नास-साठ पिले. समजा, टनाला एक किलो पुडी आणि किलोला सहाशे रुपये, तर पिलामागे दहा-बारा रुपये पडले. साठ पिलांत एक जरी पिलू खरोखर वाचले तरी खर्च भरून निघतो. तेव्हा पुडी महाग आहे अशी आमची तक्रार नाही. तक्रार ही आहे की, बारा रुपयांत मनाला समाधान मिळते आणि मग ज्याला पैसे नव्हे, नुसती मेहनत लागते, ती कामे राहून जातात.

ती कामे कोणती? पिलू दहा-पंधरा दिवसांचे झाले की, आईजवळ असतानाच थोडा थोडा ताजा खुराक वेगळ्या कोपऱ्यात ठेवावा, म्हणजे दूध तुटण्याच्या दिवशी तो परका वाटत नाही. दूध तोडताना पिलांना हलवू नये, आईला हलवावे. जागा ओळखीची राहिली की निम्मा घोर जातो. एका आईची पिले एकत्रच ठेवावीत. पहिले आठ दिवस खाली कोरडा पेंढा आणि अंगाला ऊब हवी, अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास. रात्रीच्या गार वाऱ्याची झोत थेट अंगावर नको. स्वच्छ पाणी चोवीस तास. खुराक एकदम न ओतता दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा. सोयापेंडीचा हव्यास आवरावा. प्रथिन थोडे कमी राहिले तर वाढ आठवडाभर मागे पडेल, पण पिलू राहील. कच्चे सोयाबीन भरडून घालू नये, त्यातले द्रव्य पचन अडविते. भाजलेले किंवा पेंडीतलेच वापरावे. सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत दूध तोडण्याची मिजास, ज्याचा गोठा युरोपासारखा नाही त्याने करू नये. आणि जन्मल्याबरोबर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिलाच्या पोटात चीक गेला की नाही ते पाहावे, कारण डुकराचे पिलू काय आणि गाईचे वासरू काय, आईच्या पोटातून रोगप्रतिकारक द्रव्य घेऊन येतच नाही; ते चिकातूनच मिळते. आमच्या ज्या सभासदांकडे नुसत्या गाई आहेत त्यांनीही हे वाक्य दोनदा वाचावे. वासराच्या वजनाच्या एक-दशांश चीक द्यावा, आणि त्यातला पहिला हप्ता तास-दोन तासांत, हे सांगून पशुवैद्यकांचे घसे बसले, तरी पहिला चीक खरवसाच्या पातेल्यात जातोच.

जाता जाता आपल्या घरच्या मालाबद्दल. आपण साखरवाले, तेव्हा कोणाच्याही मनात येणार की, पिलाला मळी, म्हणजे मोलॅसिस, घातले तर? क्यूबात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. प्रेस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांना उसाच्या मळीवर वाढविण्याचे पुष्कळ काम केले. पुढे कॅरिबियन भागात उसाच्या रसावरही डुकरे पोसून दाखविली. पण त्यांनाही आढळले की, शेवटची काळी मळी जास्त झाली की डुकराची विष्ठा पातळ होते. मोठ्या जनावराला हे सोसते. कोवळ्या पिलाचे तसे नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत पिलाच्या आतड्यात आपली साखर पचविणारा पाचकरस जवळजवळ नसतोच; त्याला साखरपाणी पाजले तर हगवण लागून ते दगावू शकते. वय वाढते तसा तो रस तयार होतो. तेव्हा अशक्त पिलाला काकवीचे बोट चाटविणाऱ्या मायाळू हातांनी जरा थांबावे. आपला माल गोड आहे म्हणून सर्वांना सर्व वेळी मानवतो असे नाही.

आता औषधाबद्दल दोन शब्द, कारण पुडीवाले गृहस्थ गेल्यावर आम्ही दोन-तीन गोठ्यांवर सहज चक्कर मारली आणि जे पाहिले ते बरे नव्हते. एका खिडकीत कोंबडीचे औषध, माणसाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि नाव खरवडलेली बाटली शेजारी शेजारी. मालकाचे म्हणणे, "ज्याने गुण येईल ते." कोलिस्टिन हे औषध दवाखान्यात बाकीचे सारे उपाय हरल्यावर माणसाला देतात. त्याला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारून जातो, हे चीनमध्ये डुकरांत आढळून २०१५ साली जगजाहीर झाले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य उत्पादन देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी व खाद्यपूरकात कोलिस्टिन बनविणे, विकणे, वाटणे यावर बंदी घातली. जुनी बाटली कोणाच्या फळीवर उरली असेल तर ती पशुवैद्यकाकडे नेऊन द्यावी. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांत कोणाची बाळंतीण होती, कोणाचा अपघातातला मुलगा होता. आपल्या गोठ्यातला जंतू आपल्या घरात यायला उंबरा ओलांडण्यापुरतेच अंतर आहे.

याचा अर्थ आजारी पिलाला औषध देऊ नये असा कोणी काढू नये. पिलू हगवणीने कोसळले असता ओव्याची पुडी हातात घेऊन बसणे हा गुन्हा होईल. पाणी व क्षार ताबडतोब, आणि औषध पशुवैद्यक सांगेल तेच, तेवढेच, तितके दिवस. आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर, जो आपल्या देशात २०२० साली आसाम-अरुणाचलात प्रथम आढळला, त्यावर कोणतीही पुडी, हिरवी असो की लाल, चालत नाही. हॉटेलातले उष्टे आणून घालणाऱ्यांनी ते उकळूनच घालावे, आणि परक्या माणसाला गोठ्यात शिरू देऊ नये. मग तो पुड्या विकणारा का असेना.

युरोपचेही सारे सुरळीत झाले असे समजू नये. जस्त बंद झाल्यावर डेन्मार्कात दूध तोडलेल्या पिलांच्या हगवणीवरील औषधांचा वापर काहीसा वाढला. त्यांच्याकडे १९९५ पासून जनावरांतील औषधांचा व जंतूंचा हिशेब ठेवला जातो, म्हणून त्यांना हे कळले तरी. आपल्याकडे वापर वाढला की घटला, हे सांगायला गोठ्यातली वहीच नाही.

आता आमची मागणी. संचालक मंडळाने सदर पुडीची, किंवा अशा कोणत्याही पशुखाद्य-पूरकाची, ऊसबिलातून कपात करण्याचा ठराव तूर्त करू नये. ज्याला स्वतःच्या पैशाने घ्यावयाची असेल त्याला कोणी अडविले नाही. त्याऐवजी शेतकी विभागाने, जसे आपण नव्या बेण्याचे प्लॉट घेतो तसा, एक साधा प्रयोग करावा. तयार असलेल्या चार-पाच सभासदांचे गोठे निवडावेत. प्रत्येक आईची पिले वजन करून निम्मी इकडे, निम्मी तिकडे करावीत. खुराक, पाणी, जागा, दूध तोडण्याचे वय सगळे सारखे. एका बाजूला पुडी, दुसऱ्या बाजूला नाही. कोणत्या बाजूला काय आहे हे वजन करणाऱ्या माणसाला सांगू नये, कारण माणसाचा हात आशेने जड होतो. दूध तोडण्याच्या दिवशी, चौदाव्या दिवशी व अठ्ठाविसाव्या दिवशी वजन, रोजची हगवण आणि मरतूक वहीत. एका पिलावळीवर निकाल देऊ नये. पावसाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा असे दोन्ही हंगाम व्हावेत. पुड्या कंपनीने फुकट द्याव्यात व सत्त्वाचे प्रमाण लेखी द्यावे. ते द्यावयास तयार नसतील तर प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी मागणी थोडी खर्चाची आहे. पिलांचे वजन करावयास कार्यक्षेत्रात एकही धड काटा नाही. उसाच्या काट्याबद्दल आपण एवढी भांडणे केली, गाडी पुन्हा पुन्हा काट्यावर चढवून पाहिली. पण आठ किलोचे पिलू आपण अजून हाताने उचलून 'असेल की आठ-नऊ' म्हणून विकतो, आणि घेणारा व्यापारी त्याला सहा म्हणतो. प्रत्येक गट ऑफिसला एक लहान टांगता काटा मिळावा. वासरांना, करडांना, बोकडांनाही तो उपयोगी पडेल.

प्रयोगासाठी आपला गोठा देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपले नाव, दूध पिणाऱ्या पिलांची संख्या व दूध तोडण्याची अंदाजी तारीख आपल्या गट ऑफिसमध्ये नोंदवावी. सभासदाच्या नावावर गोठा नसून मुलाच्या अगर सुनेच्या नावावर असला तरी चालेल. वडार-कैकाडी वस्तीवरील जुन्या जाणत्या मंडळींपैकी कोणी प्रयोगावर देखरेखीस यावयास तयार असेल तर त्यांना शेतकी विभागाने रोजचा भत्ता द्यावा, अशी आमची शिफारस आहे. तिच्यासह वरील दोन्ही मागण्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी आम्ही कार्यकारी संचालकांकडे लेखी पाठवीत आहोत.